माती झाली का?

आमच्या शेजारचे किराणा दुकानदार आप्पा रोज सकाळी मिश्री लावत परसातल्या उकिरड्यापाशी जायचे, काठीने एक हिरवी पिशवी वर काढायचे आणि उजेडाकडे धरून बघायचे. येळ्ळूरहून बेळगावची बस धरायला निघालेला मी कुंपणावरूनच विचारायचो, “आप्पा, माती झाली का?”

“हुतीया रं. माणसाची माती व्हायला जलम लागतोय, पिशवीला थोडा येळ नको व्हय?”

प्लास्टिकवर बंदी आल्यावर बेळगावच्या एका व्यापाऱ्याने त्यांना मक्यापासून केलेल्या या पिशव्या दिल्या होत्या. आप्पांचा त्यांच्यावर जीवच जडला. साखर बांधता बांधता ते गिऱ्हाइकाला सांगत, “ही प्लास्टिक न्हाय, मका हाय मका! खुशाल उकिरड्यात टाका, माती हुतीया. माझा शब्द हाय.” आप्पांनी जन्मात कधी काटा मारला नव्हता, त्यामुळे गावाने शब्द मानला. इतका भोळा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

उन्हाळ्यात उकिरड्यांतले खत शेतात गेले. एक दिवस सुंदराआक्का पदरात हिरव्या चिंध्या घेऊन दुकानात आली आणि त्या काट्यावर ठेवून म्हणाली, “आप्पा, तुमच्या मक्याला कणसं आल्यात बघा.”

सगळे हसले. आप्पांनी तिथल्या तिथे व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “आप्पा, ती उकिरड्यात कुजत न्हाय. मोठ्या कारखान्यात तापवून खत करत्यात, तितंच कुजतीया. तुमच्याकडं हाय काय तसलं?”

“आमच्याकडं उकिरडाच हाय,” एवढे बोलून आप्पांनी फोन ठेवला.

त्यानंतर दुकान सुनेवर टाकून ते लोकांच्या भातशेतांत चिंध्या वेचत फिरू लागले. पावसाळ्यात चिखलात काही दिसायचे नाही, तरी वाकून हात घालायचे. मला ते बघवत नसे. “सोडा आता, आप्पा,” मी म्हणायचो.

“शब्द माझा हुता रं. त्यो बी कुजंना.”

वेचलेल्या चिंध्या टाकायच्या कुठे? आणून परत आपल्याच उकिरड्यात पुरायचे.

आमच्याकडे अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात. गेल्या थंडीत आप्पांच्या मातीला सगळे गाव लोटले. हार, फुले, गुलाल, सगळे त्याच हिरव्या पिशव्यांतून आले. स्मशानातून परतलो, तर रिकाम्या पिशव्या कुणीतरी आप्पांच्याच उकिरड्यावर नेऊन टाकल्या होत्या. मी तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात उचगावचा एक पाहुणा धापा टाकत आला. त्याला उशीर झाला होता.

“माती झाली का?” त्याने विचारले.

मी उकिरड्याकडे बघितले.

“आप्पांची झाली,” म्हणालो.