चिंगीचा शेरा

चष्मा कपाळावर सरकवायचा, उजवं बोट वर धरायचं आणि म्हणायचं, "ते सगळं ठीक. द्यायचं की नाही द्यायचं, एवढंच सांगा."

कचेरीतून निवृत्त झालेला, दोन टोकांच्या मतांमध्ये अडकून पडलेला असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. माझ्या ओळखीतले हे गृहस्थ बडोद्यात, अकोटा भागात, माझ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहायचे. मी जनावरांची डॉक्टर. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर एका गाळ्यात पाटी लावून बसले होते. शिकताना सगळा भर गाई-म्हशींवर. कुत्र्याने काय खावं यावर जेमतेम दीड पान होतं आणि तेही परीक्षेला येत नाही म्हणून मी धावतं वाचलेलं. हे अर्थातच मी कोणाला सांगत नसे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते चिंगीला घेऊन आले. चिंगी म्हणजे त्यांची पांढरी पामेरियन. कुत्री कसली, लोडच होता. आदल्या दिवशी सगळ्या बडोद्याने फाफडा-जिलबी खाल्ली, तशी तिनेही खाल्ली आणि रात्रभर ओकत होती. दोन दिवस सलाईन लावल्यावर तिने डोळे उघडले. तेवढा वेळ ते बाकावर बसून होते. शेजारच्या बाई म्हणत होत्या, "काका, घेर जाओ ने!" पण ते हलले नाहीत.

"ही माझ्या मिसेसची," ते म्हणाले. "जाताना म्हणाली, चिंगीला सांभाळा. खायला काय घालायचं ते सांगायचं राहिलं."

मी यादी सांगितली. जिलबी नाही, शेव नाही, पेढा नाही, कांदा नाही, मीठ नाही. ते प्रत्येक शब्द वहीत लिहून घेत होते. पानाच्या मधोमध उभी घडी; डाव्या बाजूला विषय आणि मत, उजव्या बाजूला शेरा. नोकरी संपली तरी घडी काही मोडली नव्हती.

"मग खाऊ काय?"

"पोळी, भात, उकडलेलं अंडं."

"ते जेवण झालं हो. मिसेस रोज पाच वाजता तिला खाऊ द्यायची. पाच वाजले की ही दाराशी जाऊन बसते. मी समोर गेलो की माझ्या मागे बघते. तिला काहीतरी हातात घेऊनच सामोरं जावं लागतं." चष्मा वर गेला, बोट वर झालं. "बिस्किट? द्यायचं की नाही द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी ते नव्या दुकानातून परदेशी पाकीट घेऊन आले. तेव्हा अशी पाकिटं नुकतीच दिसू लागली होती. भिंगातून वाचून ते म्हणाले, "यात हिरवा रंग आहे. कुत्र्याच्या बिस्किटाला हिरवा रंग कोणासाठी?" मी पाकीट बाजूला सारलं. मग मीच एक कृती सांगितली. बाजरीचं आणि गव्हाचं पीठ, उकडलेला लाल भोपळा, एक अंडं, थोडं दही. मळून लाटायचं, शंकरपाळ्यासारखं कापायचं आणि भाजायचं.

"गोडी अजिबात नाही? गूळ?"

"नाही."

"खजूर?"

"नाही."

"मध तरी?"

"नाही." माझंच तोंड कडू झालं होतं. सात-आठ वेळा 'नाही' ऐकून त्या माणसाचं बोट हळूहळू खाली आलं होतं.

"आणि मनुका?"

मला माहीत नव्हतं. त्या दीड पानात मनुकांचं नावही नव्हतं. पण त्यांच्याकडे बघवेना. मी ठणकावून म्हटलं, "मनुका द्या. रोज चार. फळच ते." त्यांनी इतक्या समाधानाने लिहून घेतलं की मलाही ते खरं वाटलं.

दिवाळीत नानखटाई भाजून आणायला त्यांच्या मिसेस वाडी भागातल्या ज्या भट्टीवर जायच्या, तिथेच हे स्कूटरवरून पिठाचा गोळा घेऊन गेले. संध्याकाळी डबा घेऊन माझ्याकडे आले, चेहरा पार गोंधळलेला. प्रत्येक तुकड्यावर साखर चमकत होती. भट्टीवाला म्हणाला होता, "काका, खांड भूली गया लागो छो! में नाखी दीधी." बिचाऱ्याने पदरची साखर पेरली होती. "आता त्याला रागवायचं की त्याचे आभार मानायचे?" ते मला विचारत होते. शेवटी त्यांनी आभार मानले, तो डबा भट्टीवाल्याच्याच पोरांना दिला आणि पुढच्या खेपेला ट्रेवर चिठ्ठी चिकटवली, 'खांड नाखवी नहीं.'

पुढे दर पंधरवड्याला तो खाऊ होऊ लागला. चिंगी वाळली, पळू लागली. त्यांना स्वतःला साखरेचा आजार. त्यामुळे पाच वाजता एक तुकडा तिला आणि एक चहाबरोबर ह्यांना, असा रिवाज पडला. मलाही पुडी मिळे. खरं सांगते, पुठ्ठा बरा लागला असता.

असं पाच वर्षं चाललं. मग चिंगीची किडनी गेली. तेरावं वर्ष होतं. मी जे करायचं ते केलं. शेवटच्या दिवशी त्यांनी चष्मा वर केला, पण बोट काही वर झालं नाही. "वयानं गेली की खाण्यानं?"

"वयानं," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

ते घर बंद करून इंदूरला मुलीकडे गेले. पुढे कधीतरी माझ्या वाचनात आलं की मनुका कुत्र्यांना बाधतात, आणि बाधतात त्या किडनीला. मासिक हातात तसंच राहिलं. रोज चार. पाच वर्षं. मी मनाशी म्हणे, तिचं वय झालंच होतं. मग म्हणे, पण रोज चार. त्यांना तीनदा पत्र लिहायला बसले आणि तीनदा फाडलं. कळवायचं की नाही कळवायचं, एवढंच मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

कोणी सांगायच्या आत त्यांची मुलगीच आली. ते गेले होते. घर आवरायला आलेल्या तिने माझ्या टेबलावर वही ठेवली. "बाबा म्हणाले होते, ही डॉक्टरांना दे. आणखी कोणाच्या कुत्र्याला उपयोगी पडेल."

दोन दिवस मला ती उघडायचं धाडस झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट नसताना, उघडली. भोपळ्यापुढे चिंगीचा शेरा होता, 'उत्तम.' बाजरीपुढे, 'गव्हाबरोबर चालेल.' मग मनुकांचं पान सापडलं.

'विषय : मनुका. डॉक्टरांचे मत : द्यायच्या, रोज चार.'

उजव्या बाजूला : 'चिंगीचा शेरा : नापसंत. नाकाने बाजूला सारते. तीन दिवस पाहिले, एकही खाल्ली नाही. बंद.'

आणि खाली, बारीक अक्षरात : 'आणलेल्या मनुका मी संपवल्या. साखरेमुळे मला मनाई आहे. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना कळवू नयेत. एवढ्या यादीत त्यांनी "द्या" असे एकदाच म्हटले होते.'

मी दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि पोटभर रडले. मध्येच हसूही येत होतं. घड्याळात पाच वाजायला आले होते.