खड्ड्याला घातलेलं पाणी

मे १९८६ मधला दुसरा रविवार. चारशे वीस रुपये. हजर तिघंच: मी, माझी बायको आणि अंबरनाथच्या कारखान्यात अकरा वर्षं माझ्याबरोबर काम करणारा वायरमन, ज्याला मी मित्र म्हणत होतो. बदलापुरात, कुळगावच्या आमच्या नव्या दोन खोल्यांत, मी ते पैसे त्याच्या हातात दिले.

पैसे फक्त मालाचे होते. मजुरीचं नाव काढल्यावर तो चिडलाच. "तुझ्याकडून मजुरी घेऊ? मग उद्या कुठल्या तोंडाने तुझ्या डब्यातली भाजी खाऊ?"

मला काळजी एकाच गोष्टीची होती. उल्हासनगरला भाड्याच्या खोलीत असताना माझ्या आईला इस्त्रीचा झटका बसला होता. तिथेही प्लग पॉइंट तीन भोकांचेच होते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. आई वाचली, पण पुन्हा तिने इस्त्रीला हात लावला नाही. म्हणून स्वतःच्या घरात मी हट्ट धरला होता की चारही पॉइंटना खरं अर्थिंग हवं. अंगणात खड्डा, खड्ड्यात तांब्याची प्लेट, प्लेटपासून प्रत्येक तिसऱ्या भोकापर्यंत तार. चारशे वीसमधले एकशे नव्वद नुसत्या प्लेटचे आणि तिच्या तारेचे होते. आदल्या संध्याकाळी त्याने प्लेट दाखवलीही होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, फूटभर लांबरुंद. मी पट्टीने मोजली आणि माप वहीत लिहिलं; कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो, ती सवयच होती.

"तू स्टोअरवाला," तो बायकोकडे बघून म्हणाला, "वहिनींनाही पावतीवर सही घेऊनच घरात घेतलं असशील."

"सही नाही, अंगठा," बायको म्हणाली, आणि आम्ही तिघं हसलो.

घरातलं वायरिंग त्याने आदल्या रविवारीच केलं होतं. या रविवारी दुपारी त्याने मला मीठ आणि कोळसा आणायला बाजारात पाठवलं. परत आलो तेव्हा खड्डा अर्धा भरला होता आणि त्यातून पाणी घालायच्या पाइपाचा तुकडा वर आला होता. वर मीठ, कोळसा, माती. मग तो आत आला आणि त्याने मला तपासणी शिकवली. होल्डरमध्ये शंभरचा दिवा, होल्डरला दोन तारा. एक तार फेजमध्ये, दुसरी न्यूट्रलमध्ये: दिवा लागला पाहिजे. दुसरी तार तिथून काढून तिसऱ्या भोकात: दिवा लागला पाहिजे. चारही पॉइंटवर मीच दिवा धरला. चारही ठिकाणी लागला. वहीत मी लिहिलं, "दोन्हीकडे प्रकाश अगदी सारखा." ते वाक्य मला फार आवडलं होतं.

"चारही पॉइंटला अर्थ आहे बघ," तो म्हणाला. "आता तुझ्या आयुष्यालाही आला."

जाताना बायकोने त्याला विचारलं, "भावजी, या खड्ड्याचं काही करावं लागतं का?"

"उन्हाळ्यात पाणी घाला वहिनी. दर रविवारी एक बादली. जमीन ओली राहिली पाहिजे."

तिने घातलं. सहा उन्हाळे. एप्रिल-मे मध्ये आमच्या नळाला एक दिवसाआड पाऊण तास पाणी यायचं. तेवढ्यात पिण्याचं, धुण्याचं, भांड्यांचं, आणि त्यातून ती रविवारची बादली बाजूला काढायची. शेजारीण म्हणायची, "ही बाई मातीला अंघोळ घालते." बायको म्हणायची, "आमच्या घराचा जीव आहे तो." खड्ड्याच्या कडेला तिने कढीपत्ता लावला होता. तो असा वाढला की अर्धी आळी आमच्याकडून पानं न्यायची.

१९९२ च्या एप्रिलमध्ये मी उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून जुना फ्रिज घेतला. घरातली पहिलीच मोठी वस्तू, लोखंडी अंगाची. तीन पिनचा प्लग स्वयंपाकघरातल्या पॉइंटमध्ये लावला आणि मी निर्धास्त झालो. बायकोलाही सांगितलं, बिनधास्त वापर, याला अर्थिंग आहे.

तिसऱ्या रविवारी ती खड्ड्याला पाणी घालून आत आली. पाय ओले. फ्रिज बंद पडलेला दिसला म्हणून तिने दार ओढलं. मी बाहेर वही घेऊन बसलो होतो. आवाज आला तो बादलीचा. आत गेलो तर तिचा हात हँडलला चिकटलेला आणि तोंडातून शब्द नाही. तिला धरू नये एवढं मला सुचलं. मी मेन खाली ओढला आणि ती जमिनीवर पडली. शुद्ध होती. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. उजव्या हाताची दोन बोटं पावसाळा संपेपर्यंत बधिर होती.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने त्याचा मेकॅनिक पाठवला. त्याने फ्रिजकडे पाहिलंसुद्धा नाही. मेन बंद असल्याची स्वतः खात्री केली आणि पॉइंटचे स्क्रू काढले. "ये देखो साईं."

झाकणाच्या मागे बोटभर तांबडी तार होती. न्यूट्रलपासून तिसऱ्या भोकापर्यंत. बाकी काही नाही. बाहेर जाणारी तारच नव्हती.

त्याने समजावून सांगितलं. मेनजवळचा न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन तार सुटली होती. परतीची वाट बंद झाल्यावर करंट फ्रिजच्या मशीनमधून या तुकड्यात आला आणि तुकड्यातून फ्रिजच्या पत्र्यावर. तिसरं भोक रिकामंच ठेवलं असतं तर एवढं झालं नसतं.

"पण मी दिवा लावून बघितला होता," मी म्हणालो आणि वही उघडली.

त्याने मला ते वाक्य वाचायला लावलं. "एकदम सारखा? जमिनीचा दिवा थोडा तरी मंद लागतो साईं, आणि मे महिन्यात तर नक्कीच. सारखा लागला तेव्हाच समजायचं होतं. ढक्कन खोला था?"

झाकण उघडलं नव्हतं. मी फक्त दिवा पाहिला होता.

खड्डा मी स्वतः खणला. दीड फुटावर पाइपाचं टोक संपलं. खाली मुरूम. प्लेट नाही, तार नाही. बायको दारात उभी होती, उजवा हात पदराखाली धरून.

"म्हणजे सहा वर्षं मी कढीपत्त्याला पाणी घातलं," ती म्हणाली आणि आत गेली.

मेकॅनिकने नवा खड्डा केला, प्लेट माझ्यासमोर बसवली, चारही पॉइंट उघडून तुकडे काढले. मग न्यूट्रल सोडवून तपासणी करून दाखवली. दिवा लागला, किंचित मंद.

त्यानंतरच्या रविवारी मी पालेगावला त्या वायरमन मित्राच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. "ये ये. वहिनी कशा आहेत? ऐकलं मी."

"प्लेट कुठे आहे?"

"अरे, आधी बस तर."

"प्लेट."

"विकली. दोन रविवार राबलो तुझ्याकडे. मजुरी घेतली होती का मी?"

"मग मागायची होती."

"मित्राकडे कशी मागणार?"

"आणि तो तारेचा तुकडा?"

"दिवा लागायला नको? तू दिवा लावल्याशिवाय मला सोडणार होतास का? अर्ध्या गावात असंच आहे, कोणाला काही होत नाही."

"आणि पाणी? ते का घालायला सांगितलंस तिला?"

"त्यांनीच विचारलं. नको म्हटलं असतं तर तुला शंका आली असती."

एकशे नव्वद मी मागितले नाहीत. वहीच्या पानावर १९८६ चा दर मी घरूनच काढून नेला होता: चार पॉइंट आणि एक खड्डा, मजुरी एकशे वीस. त्याने माझ्यासाठी काही फुकट केलं, असं यापुढे कोणी म्हणायला नको होतं. मी पैसे ओट्यावर ठेवले. मला वाटलं होतं, तो परत करील.

एकशे वीस रुपये, मजुरीचे, त्याला दिले. त्याने मोजून घेतले.