नळीची बांगडी

सत्तरीला टेकलेली बाई मटनाच्या दुकानापुढं उभी आहे. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, नाकावर पदर, हातात मेथीच्या जुडीची पिशवी. ती बाई मी. आणि खरं सांगते, बोहल्यावर चढतानासुद्धा माझं काळीज असं उड्या मारत नव्हतं!

कारण होतं आमचं कुत्रं. आमचं म्हणजे नातीचं. पांढरंशुभ्र, झुपकेदार शेपटीचं पामेरियन, पिंजलेल्या कापसाएवढंच वजन. लेकाची नांदेडला बदली झाली, तिथला घरमालक म्हणाला कुत्रं चालणार न्हाई, आणि नात रडून रडून लाल झाली. मीच पुढं होऊन म्हटलं, "ठेव लातूरला. मी हाय की."

"अव्वा, तुला कुत्र्यातलं काय कळतंय?" नात नाक पुसत म्हणाली.

"मला? अगं, आमच्या खळ्यावर कुत्रं होतं!"

होतं खरं. पुढचं मात्र तिला सांगितलं न्हाई, तुम्हाला सांगते. नायगावकडं माझं माहेर. तिथं खळ्यावर राखणीचं एक दांडगं कुत्रं होतं आणि सोळा-सतरा वर्षांची एक लई शहाणी पोरगी होती. ही पोरगी श्रावणी सोमवार धरायची आणि कुत्र्यालाही धरायला लावायची. त्याच्यापुढं भगरीचा गोळा ठेवायचा, हात जोडायचे, आणि समोर बसून राहायचं. ते गोळ्याचा वास घ्यायचं, माझ्या तोंडाकडं बघायचं, पुन्हा वास घ्यायचं. मग उठून गावाच्या खालच्या अंगाला एक चक्कर मारून यायचं आणि ओठ चाटत परत माझ्याजवळ बसायचं. मी घरभर सांगत फिरायची, "बघा, उपासानं कसं तेज आलंय त्याच्या तोंडावर!"

अशी माझी अक्कल. हीच अक्कल हुंड्यात घेऊन मी लातूरला नांदायला आले. मटनाची गल्ली लागू नये म्हणून तीन गल्ल्यांचा वळसा घालून देवळात जायची, आणि वारं तिकडून आलं तर तेवढा वेळ श्वास कोंडून धरायची. लालबुंद होऊन, धापा टाकत घरी पोचायची. सासूबाईंनी एकदा वैद्य बोलावला, सुनेला दम्याचा त्रास हाय म्हणून.

तर अशा बाईच्या पदरात हे कुत्रं पडलं. दूध-पोळी खाऊन गुबगुबीत झालं. पण वर्ष सरायच्या आत त्याच्या तोंडाचा असा वास सुटला की ते प्रेमानं जवळ आलं की मी मान फिरवायची. दातांवर पिवळा थर, हिरड्या लाल. पोळीचा तुकडा तोंडात घेऊन नुसतंच उभं राहायचं. जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं.

"घासता का दात?" डॉक्टरांनी विचारलं.

"ब्रश दाखवला की चावतंय."

"मग आठवड्यातून एकदा कच्चं हाड द्या. चावून चावून दात साफ होतात. पण मन लावून ऐका आजी. बोकडाच्या मानेचा अख्खा मोठा तुकडा, याच्या तोंडापेक्षा मोठा, म्हणजे गिळता येणार न्हाई. शिजवलेलं अजिबात न्हाई, शिजवलं की हाड ठिसूळ होऊन सुईसारख्या काड्या निघतात, त्या घशात न्हाई तर आतड्यात घुसतात. आणि खाताना समोर बसून राहायचं. असंच चाललं तर दात काढावे लागतील."

मी मान डोलवत होते. पण खरं म्हणजे "हाड" हा शब्द ऐकला तिथंच माझे कान बंद झाले होते. पुढचं सगळं लांबून, आडातून आल्यासारखं ऐकलं.

घरी आले आणि आमच्या ह्यांच्यापुढं विषय काढला. हे सकाळ-संध्याकाळ लिंगपूजा करणारे. उभी हयात भुसार दुकानावर बसून काढली, पण परगावी गेले की कुणाच्या घरचं पाणीसुद्धा चौकशी करून पिणार.

"हाड? या घरात?" त्यांनी चष्मा काढला. "हाड लागत असंल तर ते जाईल आपल्या रेणापूरच्या शेतावर. तिथं काय खायचं ते खाऊ दे."

"अहो, ते कूलरपुढं बसलं तरी शिंकतंय. शेतावर कसं निभंल?"

"मग दूध-पोळी खाऊन ऱ्हाऊ दे इथं."

"दातच न्हाई ऱ्हायले तर पोळी तरी कशी खाईल?"

"माझे कुठं ऱ्हायलेत?" हे म्हणाले आणि कवळी काढून दाखवली. "खाऊन राहिलो ना?"

हाड आणलेलं कळलं तर कुत्रं शेतावर जाणार. न आणावं तर त्याचे दात जाणार. आणि नांदेडहून रोज फोनवर नात आधी कुत्र्याला बघणार, मग मला. दिवाळीला ती आली आणि ते घरात नसलं, तर कुठल्या तोंडानं तिच्यापुढं उभी राहू?

म्हणून त्या रविवारी, हे देवळात गेल्याबरोबर, मी त्या गल्लीत शिरले. वळसा नाही, काही नाही, सरळ! आणि काय सांगू, भीती तर वाटत होतीच, पण त्या भीतीच्या आत कुठंतरी लई मजा पण येऊन राहिली होती. शाळा बुडवून जत्रेला जाताना येते तशी.

पुढचं गिऱ्हाईक म्हणालं, "भाई, नळी द्या." भाईनं त्याला पायाचं पोकळ हाड काढून दिलं. माझा नंबर आला. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, मान का पाय, काही म्हणजे काही आठवेना.

"बोला अम्मा, काय द्यू?"

"मला बी नळी."

"कशी करू?"

आता कशी करायची असते ते मला काय ठाऊक? मला एकच चिरणं ठाऊक. "दुधीच्या चकत्या करतो तशी. गोल. सारखी."

भाईनं सत्तूर खाली ठेवला. "दुधीच्या?"

"हाव. आणि कडा गुळगुळीत ठेवा."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. पण त्यानं निमूट करवत काढली आणि सांध्याजवळचा रुंद भाग कापून अशा सुबक चकत्या केल्या, की बघून माझी मलाच शाबासकी द्यावी वाटली. काळी पिशवी मेथीखाली दडवली आणि तरणीताठी असल्यासारखं घर गाठलं.

गच्चीवर जायच्या आधी स्वयंपाकघरात मन पुन्हा डगमगलं. कच्चं कसं वाढायचं? दाराशी आलेल्याला आपण कच्चं वाढतो का? निदान हळद घालून कुकरची एक शिट्टी? हात कुकरकडं गेलाच होता, पण त्या सुया आठवल्या. तेवढं एक मात्र कानात शिरलं होतं, नशीब माझं.

जुन्या परातीत एक चकती ठेवली. कुत्र्यानं वास घेतला आणि त्याच्या अंगात काय संचारलं! जे ध्यान दिवसभर गादीवर लोळायचं ते चारी पायांवर थरथरायला लागलं, शेपटी गरागरा, डोळे काचेच्या गोट्यांसारखे. नळीतला मगज चाटायला त्यानं जीभ घातली, मग खालचा जबडा घातला, आणि मी टाळ्या वाजवून राहिले होते, "खा रे माझ्या वाघा!"

आणि खट्ट! चकती खालच्या सुळ्यांच्या मागं जाऊन बसली.

त्यानं मान झटकली. निघेना. पंजानं ओढली. निघेना. मग ते असं केकाटलं, आणि पाण्याच्या टाकीभोवती गोल गोल पळत सुटलं. तोंडातून लाळ, आणि हनुवटीवर ते पांढरं कडं. मी मागं मागं, पदर सुटलेला, चप्पल एकीकडं. तेवढ्यात फोन वाजला. नातीचा रोजचा फोन, चेहरा दिसणारा!

"अव्वा, ते का रडतंय? तोंडाला काय हाय त्याच्या?"

"अडकलंय गं! नळी अडकली!"

"ओढू नको! आणि तू आधी खाली बस. तू पळायली म्हणून ते बी पळायलंय. मी डॉक्टरला लावते." फोन बंद.

मी बसले, ते खरंच थांबलं. धापा टाकत माझ्या मांडीत शिरलं. मी कडं धरून हलकं ओढून बघितलं तर ते कळवळलं. आणि तेव्हाच जिन्यात पावलं वाजली. हे! देवळातून लवकर आलेले, कपाळावर ताजी विभूती, खांद्यावर धुतलेलं उपरणं.

त्यांनी परात बघितली. उरलेल्या चकत्या बघितल्या. मग कुत्र्याचं तोंड बघितलं.

"हे काय हाय?"

"तेल आणा," मी म्हटलं. "करडईचं. वाटीभर. पळा आधी!"

पन्नास वर्षांच्या संसारात मी त्यांना पळा म्हटल्याचं मला आठवत न्हाई. ते पळाले, आणि वाटी घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत आले.

आता तेलच का मागितलं? तर माझ्याच नखऱ्यांमुळं. लग्नात नाजूक दिसावं म्हणून मी कासारणीकडं सव्वादोनच्या मापाचा चुडा मागितला होता. हात माझा अडीचचा. कासारीण सांगून थकली, पण नवरी ऐकते कुठं! तिसऱ्या दिवशी हात भाकरीसारखा फुगला, आणि फोडायची न्हाई, अपशकुन होतो, म्हणून त्याच कासारणीनं एकेक बांगडी तेल लावून सोडवली. म्हणाली होती, "ओढली की अडकती. आधी मांस मागं सार, मग तिरकी कर, एका हाडावरून काढ, मग दुसऱ्या." त्या भवानी नवरीचा जगाला झालेला एवढा एकच उपयोग.

"धरा त्याला," मी म्हटलं.

"मी?"

"मग कोण, शेजारी?"

ह्यांनी एकदा उपरण्याकडं बघितलं. मग ते धुतलेलं उपरणं पसरलं आणि कुत्र्याला तान्ह्या पोरासारखं त्यात गुंडाळून छातीशी धरलं. "चल लौकर. काळीज बघ कसं उडून राहिलंय त्याचं."

मी बोटं तेलात बुडवली. जबड्याला, ओठांना, कड्याच्या आतून-बाहेरून तेल चोळलं. ओठाची कातडी मागं सारली. कडं तिरकं केलं. डाव्या सुळ्यावर आलं, घसरलं, परत गेलं. कुत्रं कण्हलं.

"हळू गं!" हे ओरडले.

"हळूच करायली!"

"मला नगं, तू त्याच्याशी बोल!"

"तुम्ही बोला, माझी बोटं कामात हायत!"

आणि आमचे हे, ज्यांनी पोटच्या पोराला कधी राजा म्हटलं न्हाई, ते कुत्र्याच्या कानात म्हणाले, "ऱ्हा रे राजा, ऱ्हा. झालंच बघ." मी पुन्हा तिरकं केलं. डावा सुळा सुटला! मग उजवा! कडं टण्णकन फरशीवर पडलं आणि गच्चीच्या उतारावरून घरंगळत गेलं. आम्ही दोघं ओरडलो, खाली गल्लीतल्या बायका वर बघायला लागल्या.

कुत्रं उपरण्यातून सुटलं आणि आधी काय केलं असेल? ह्यांच्या बोटांना लागलेला मगज चाटून काढला. हे बोटं पुढं धरून तसेच बसून राहिले.

फोन पुन्हा वाजला. या वेळी डॉक्टर. नातीनं त्यांना जेवणावरून उठवलं होतं. माझ्या हातातून फोन ह्यांनीच घेतला. डॉक्टरांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, नळीच्या गोल चकत्या कधीच न्हाई. अशाच अडकतात, कधी कधी भूल देऊन कापाव्या लागतात. हे एकेक विचारत होते, जणू तुरीचा सौदा चाललाय. "मान, बरं. किती वेळ चावू द्यायचं? उरलेलं? टाकून द्यायचं, बरं. तुकडा लहान झाला की? काढून घ्यायचा, पण ते देईल का? हां, बदल्यात दुसरं काही. आणि फरशी? हात? साबणानं, बरं."

फोन ठेवून हे आंघोळीला गेले. मी खाली स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले. आता शेतावर. आता नातीला काय सांगू? पूजा झाली, जेवण झालं. शेवटी मीच म्हटलं, "मग? कधी पाठवायचं रेणापूरला?"

"कुणाला?"

"कुत्र्याला."

"येडी का खुळी तू?" हे म्हणाले. "तिथं गडी रस्सा खाऊन शिजवलेलं हाड फेकणार त्याच्यापुढं. समोर कोण बसणार हाय? तू जाणार का मी?"

पुढच्या आठवड्यात दुकानातला जुना छोटा फ्रीज गच्चीवरल्या खोलीत आला. त्यात फक्त त्याचं हाड, एका झाकणाच्या डब्यात. मटन आणायला मीच जाते, "अख्खी मान, चकत्या नगं," असं खणखणीत आवाजात सांगते. भाई हसतो, म्हणतो, "हाव अम्मा, दुधी संपला का?"

आणि हे? रविवारी गच्चीवर खुर्ची टाकून, हाडाकडं पाठ करून, पेपर उघडून बसतात. धर्म सांभाळायला पाठ आणि कुत्रं सांभाळायला कान. पान काही उलटत न्हाई.

"गिळलं तर न्हाई ना?"

"न्हाई."

"चावायलंय का?"

"लई चावायलंय! एका बाजूनं, आता दुसऱ्या बाजूनं! पायात धरलंय बघा कसं!"

खुर्ची करकरते. पेपराच्या कडेवरून एक डोळा वळतो.

"डाव्या बाजूनं चाव म्हणावं," हे म्हणतात, "तिकडं थर जास्त हाय."