आतोबा सिनेमा बोलतात

बघा म्हणून कोणीही न सांगितलेला सिनेमा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? घाई करू नका, नीट आठवा. मित्राने सुचवलेला धरू नका आणि मोबाइलने पुढ्यात आणून ठेवलेला तर मुळीच धरू नका. ज्याची कुठे जाहिरात नाही, ज्यातल्या एकाही नटाचं नाव तुम्हाला ठाऊक नाही, ज्याच्याबद्दल सोमवारी ऑफिसात बोलायला लागलात तर समोरचा घड्याळ बघेल, असा सिनेमा. नसेल आठवत तर लाजू नका. आपल्या डोळ्यांनी काय बघावं हे ठरवणारे लोक फार मेहनती असतात, सुट्टीसुद्धा घेत नाहीत. त्यांच्याशी उघड वैर धरलेला आख्ख्या हैदराबादेत मला एकच माणूस माहीत आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे.

आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत, दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की सिनेमा असतो. खिडक्यांना सतरंज्या लागतात, भिंतीवर आत्याची खळ घालून ताठ केलेली पांढरी चादर लागते आणि जुना प्रोजेक्टर घरघरायला लागतो. पंखा मात्र बंद. पंखा लावला की चादर हलते, आणि चादर हलली की मरणाच्या दारातली नायिका हसल्यासारखी दिसते. एप्रिल-मेमध्ये हैदराबादेत पंख्याशिवाय बसणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आतोबांनी त्यावर उपाय काढलाय. उन्हाळ्यात ते फक्त बर्फाचे माहितीपट लावतात. हिमनद्या, गोठलेली सरोवरं, बर्फात अडकलेली टपालगाडी. "बघ, बघ, केवढा बर्फ! वाटतंय की नाही थोडं गार?" असं ते घाम पुसत विचारतात आणि आम्हीही घाम पुसत "हौ, हौ" म्हणतो.

खाण्याचा नियमही तसाच कडक. सिनेमा चालू असताना आवाज होईल असं काही खायचं नाही. केळं चालतं, इडली चालते, गार झालेला उपमा चालतो. शेजारच्या सुधामावशी एकदा पदराआड चकली घेऊन आल्या. एका आंधळ्या विहीरखोद्याच्या गोष्टीत अगदी शांत प्रसंग चालला होता आणि मावशींनी चकली तोंडात टाकली. आतोबांनी सिनेमा थांबवला, त्यांच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मावशींनी उरलेला सिनेमाभर ती चकली चघळून चघळून मऊ केली आणि आवाज न करता गिळली. "शाळेत इतकी वर्षं पोरींना गप्प बसवलं," त्या नंतर म्हणाल्या, "पण मला गप्प बसवणारा हाच भेटला मेला."

सिनेमा निवडण्याची आतोबांची रीत सोपी आहे. रविवारी सकाळी ते आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगांत हात घालून डबीवर काय लिहिलंय ते न कळणाऱ्या सीडी शोधतात. गावोगावचे त्यांच्यासारखेच वेडे त्यांना पेन ड्राइव्ह पाठवतात. "हा तर सगळ्यांनी पाहिलाय" असं चुकून कोणी म्हटलं की तो सिनेमा बाद. "सगळ्यांनी पाहिलाय ना? मग त्याला आपली काय गरज?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे त्या चादरीवर आम्ही काय काय पाहिलं! मासेमारीची जाळी शिवणाऱ्या बायका, एका डोंगरी गावातल्या एकमेव एसटीसारख्या गाडीची ड्रायव्हरीण, मीठ गोळा करणारं कुटुंब, आख्खं घर ओंडक्यांवरून ओढत नेणारा मेंढपाळ. जगात इतकी माणसं इतकं काम करतात आणि त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता आपण मोठे होतो, हे मला कामगार संघटनेच्या पत्रकांनी शिकवलं नव्हतं असं नाही. मी तर घरी पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले. पण पत्रकात "कष्टकरी" असा एक शब्द असतो. चादरीवर त्या शब्दाला नाक-डोळे होते, आणि तो मधूनच जांभई देत होता.

आता मुख्य गोष्ट. हे सिनेमे कुठल्या कुठल्या भाषांतले, आणि खाली इंग्रजी सबटायटल. बघणारे कोण, तर सुधामावशी, ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आत्या, जिला ती अक्षरं वाचेपर्यंत पुढची येतात. आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत आमचे निवृत्त तहसीलदारकाका, जे पडद्यावर नावं सुरू होताच झोपतात. म्हणून आतोबा सिनेमाचा मूळ आवाज बंद करतात आणि चादरीशेजारी उभे राहून आख्खा सिनेमा मराठीत बोलतात. सगळ्यांचं बोलतात. म्हातारीचं, पोराचं, पोलिसाचं, एकदा तर गाढवाचंही. आतोबा नोकरीभर इथल्या कोर्टात दुभाषी होते. मराठी साक्षीदाराचं, तेलुगू साक्षीदाराचं, दखनी बोलणाऱ्या साक्षीदाराचं म्हणणं इंग्रजीत सांगायचं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. साक्षीदार रडला तरी यांनी रडायचं नाही. असा जन्म काढलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीनंतर सिनेमा लागला, आणि मग जे व्हायचं तेच झालं. लोकरीचा सौदा करणारा परदेशी व्यापारी आमच्याकडे म्हणतो, "कैकू परेशान करता भाई, ह्या भावात बेगम बाजारात रिकामं पोतं पण देत नाहीत." बर्फातली सासू सुनेला म्हणते, "लाइट घे गं, मनावर नको घेऊ, तुझा नवरा लहानपणापासून हौलाच आहे, अर्धवट." खाली सबटायटलमध्ये फक्त "हो" लिहिलेलं असतं.

यावरून आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. आबिड्सहून आणलेल्या एका सीडीत सबटायटलच नव्हती. दुसरा कोणी असता तर त्याने सिनेमा बंद केला असता. आतोबांनी तो सबंध बोलून दाखवला. दोन जावा, एका गाईवरून वर्षानुवर्षं अबोला, थोरलीचं आजारपण आणि शेवटी धाकटी तिच्या दारात दिवा लावते. सगळे रडले. तहसीलदारकाका जागे होऊन रडले. पुढे काही महिन्यांनी आमचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू निनाद, हा पुण्याहून इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीला आलेला, त्याला तोच सिनेमा सबटायटलसकट सापडला. तो आम्ही दोघांनी वर त्याच्या खोलीत पाहिला. त्या दोघी जावा नव्हत्याच. एक पावाच्या भट्टीची मालकीण होती आणि दुसरी तिच्याकडची कामगार. सबंध सिनेमा संपाचा होता! शेवटी ती दिवा लावत नव्हती, भट्टीचं कुलूप उघडत होती.

मी तडक खाली गेले. म्हटलं, "आतोबा, तुम्ही संप बुडवलात! कामगारांचा आख्खा संप तुम्ही जावांच्या भांडणात बुडवलात!"

"संप होता होय?" आतोबा खूश होऊन म्हणाले. "वा! मग परत लावू या."

"असेल संप," सुधामावशी म्हणाल्या, "पण त्या जावाच होत्या. मी डोळे बघितलेत त्यांचे."

"मावशी, तुम्हाला मोतीबिंदू आहे."

"म्हणून तर नीट बघितलेत."

आतोबांनी मला बाजूला बसवलं. "पुढारीणबाई," ते म्हणाले, "कोर्टात एक शब्द वाढवला असता तर कोणी तरी विनाकारण आत गेलं असतं. इथे कोणी आत जात नाही. मग बोलू दे की गं मला थोडं." मी ऐकणार नव्हते. गोष्टीच्या सिनेमाचं एक वेळ सोडा, पण माहितीपटातल्या माणसांच्या तोंडी आपले शब्द घालणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, ती माणसं खरी आहेत, यावर मी अडून बसले. आतोबांनी विचार केला. पुढच्या रविवारी मीठवाल्या कुटुंबाचा माहितीपट होता आणि आतोबा कोर्टातला काळा कोट घालून चादरीशेजारी उभे राहिले. तेव्हापासून तो कायदाच झाला. अंगात कोट असेल तर एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही. कोट खुंटीवर असेल तर ऐकणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर ऐकावं. हा कोट त्यांनी मे महिन्यात, पंखा बंद असताना, हिमनदीसाठीही घातला आहे. तत्त्वनिष्ठ माणसं मी पुष्कळ पाहिली. तत्त्वासाठी इतका घाम गाळणारा हा एकच.

गेल्या हिवाळ्यात आतोबांचा घसा बसला. आधी सगळ्यांनी हळद-दूध पाजलं, मग डॉक्टर झाले, मग ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज जो गेला तो एका कुजबुजीवर येऊन थांबला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जोर द्याल तर तेवढाही राहणार नाही. घरी आल्यावर आत्याने चादर घडी करून कपाटात ठेवायला घेतली. आतोबांनी तिच्या हातातून ती काढून घेतली, भिंतीतल्या खिळ्याकडे बोट दाखवलं आणि कॅलेंडरवरच्या रविवारावर तेच बोट आपटलं. एक शब्द न बोलता इतकं ठामपणे बोललेला माणूस मी तरी पाहिला नाही.

पण सिनेमा बोलणार कोण? पहिल्या रविवारी निनादने लॅपटॉपवर मराठी बोलणारा एक यंत्राचा आवाज आणला. नवरा, बायको, मेंढपाळ, न्यायाधीश, सगळे एकाच सुरात बोलायला लागले, रेल्वे स्टेशनवर गाडीची घोषणा होते तसे. सुधामावशी पदर खोचून उठल्या. "मी जाते. ही बाई मला प्लॅटफॉर्म बदलायला सांगेल." दुसऱ्या रविवारी मी उभी राहिले. जसं लिहिलंय तसं, शब्दाला शब्द, मी बोलत गेले. कोणी हसेना, कोणी रडेना. मध्यंतरात आत्या हळूच म्हणाली, "चांगलं बोलतेस गं, पण तुझा मेंढपाळ पत्रक वाचतोय." खुर्चीत बसलेले आतोबा आवाज न करता इतके हसले की आम्हाला त्यांना पाणी द्यावं लागलं.

तिसऱ्या रविवारी तोडगा निघाला, तोही आपोआप. चादरीवर एक म्हातारी नातीला रागावत होती, मी शब्द शोधत होते, तेवढ्यात सुधामावशींना राहवलं नाही. "अगं ए भवाने, पाय पूस आधी!" त्या ओरडल्या. खाली सबटायटल आलं, "पाय पूस." आतोबांनी खुर्चीतून टाळी वाजवली. मग ठरलंच. एकाने सगळ्यांचं बोलायचं नाही. सगळ्यांनी एकेकाचं बोलायचं. मी सबटायटल वाचून ज्याच्या त्याच्या कानात मराठी सांगते आणि तो ते आपल्या तऱ्हेने बोलतो. आतोबा समोर बसून हाताने सांगतात, आता तू, हळू, थांब, अजून थांब. निनादला त्यांनी सगळे इंजिनियर, डॉक्टर आणि सरकारी अधिकारी दिलेत. पुण्याची मराठी तिथे फार शोभते. "मला कधी प्रेमात पडायला मिळणार?" असं त्याने विचारलं तेव्हा आतोबांनी आधी आवाज सुधार अशी खूण केली. ज्याचा स्वतःचा आवाज गेलाय त्याने.

आता अडलंय ते एका नावाड्यापाशी. हा सिनेमा आतोबांनी फार दिवस जपून ठेवला होता. नदीवर पूल होतोय आणि उद्यापासून आपल्या नावेत कोणी बसणार नाही हे ठाऊक असलेला एक म्हातारा नावाडी शेवटच्या फेरीत उतारूंशी बोलतो, एवढीच गोष्ट. उतारू आम्ही वाटून घेतले. आत्या झाली माहेरी निघालेली बाई, मावशी झाल्या कोंबड्या विकणारी, निनाद अर्थातच पुलाचा इंजिनियर. नावाडी राहिला. तहसीलदारकाकांना जागं करून विचारलं. त्यांनी पहिलं वाक्य असं म्हटलं की जणू नावेचा पंचनामा चाललाय, आणि दुसऱ्या वाक्याला ते झोपले. मी म्हणून पाहिलं, आतोबांनी मान हलवली. आत्याने म्हणून पाहिलं, त्यांनी पुन्हा मान हलवली. त्यांना जाड, थोडा फाटका, पाण्यावरून लांब जाणारा पुरुषी आवाज हवा आहे. तो कसा, हे त्यांना अचूक ठाऊक आहे. तो त्यांचाच होता.

गेल्या रविवारी आम्ही नावाड्याशिवाय सिनेमा लावला. सगळ्यांनी आपापलं बोलून घेतलं आणि नाव मध्यावर आली. तिथे नावाडी वल्हं थांबवून बराच वेळ बोलतो. चादरीवर त्याचे ओठ हलत होते. मी सहज वळून पाहिलं तर खुर्चीत आतोबांचेही ओठ हलत होते, त्याच लयीत. त्यांनी मान वर केली, श्वास भरला, आणि आता ते जोर देणार हे ओळखून आत्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो श्वास तसाच सोडून दिला. दोघंही म्हातारे बोलत राहिले आणि आम्हाला एकाचंही ऐकू आलं नाही. मग आतोबांनी हात वर करून सिनेमा थांबवायला लावला. उरलेला तसाच बघायचा नाही, असं ते कुजबुजत म्हणाले. आवाज मिळाला की पुढे.

म्हणून हे लिहिते आहे. हैदराबादेत असाल, आवाज जाड असेल, तर रविवारी जेवून नल्लकुंट्यात या. कोर्टातले मराठी दुभाषी कुठे राहतात हे कोणालाही विचारा. तुम्हाला नट असण्याची गरज नाही. तुमची मराठी अडखळत असेल, त्यात अर्धी तेलुगू किंवा दखनी येत असेल, वाचताना अक्षर अक्षर लावावं लागत असेल, तरी या. वाचायचं काही नाहीच, मी कानात सांगेन. तुम्ही फक्त बोला, आणि बोलताना एकदा खुर्चीकडे बघा. नाव नदीच्या मध्यावर उभी आहे. ती तिथेच सोडायची नाही, एवढं आमचं ठरलंय. तुम्ही या.