पोराचं दुकान

लग्नाकार्यात कोणी विचारलं, "काय करता पावणं?" की मी आधी पाण्याचा ग्लास शोधतो. घोट घेईपर्यंत उत्तर जुळवायला वेळ मिळतो. "कंप्युटरचं काम हाय," असं म्हणतो आणि विषय ऊसदरावर नेतो. ऊसदरावर कोल्हापुरात कोणीही तासभर बोलतं, त्यामुळे माझी सुटका होते. खरं सांगायची लाज वाटते म्हणून हा सगळा खटाटोप.

खरं असं, की मी घरी बसून वस्तूंविषयी लिहितो. मिक्सर, हीटर, बॅटरीवरचा फवारणी पंप. कोणता घ्यावा, कोणता घेऊ नये, कशाचा आवाज फार. खाली लिंक देतो. वाचणाऱ्यानं त्या लिंकवरून वस्तू घेतली, तर विकणारी कंपनी मला थोडं कमिशन देते. याला ॲफिलिएट मार्केटिंग असं भारदस्त नाव आहे. आमच्याकडे याला दलाली म्हणतात, आणि बाजारातल्या दलालाला निदान गादी तरी असते. माझ्याकडे प्लास्टिकची खुर्ची आहे. इंजिनिअरिंगची पदवी फ्रेम करून लावलेली भिंत पाठीमागे येते, तेवढं बरं.

आबांना हे समजावून सांगायला एक अख्खी दुपार गेली. आबा म्हणजे माझे वडील. उभा जन्म साखर कारखान्यात गेला, तोही मिल हाऊसमध्ये, जिथं शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. वारणानगरच्या कॉलनीत आम्ही लहानाचे मोठे झालो, तेव्हा आबा पाळीवरून आल्याचं चार घरांना कळायचं. निवृत्त होऊन कोल्हापुरात आले, कान निम्मे कामातून गेले होते, आवाज मात्र तेवढाच राहिला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हंजे दुकानच की रं! फकस्त माल दुसऱ्याचा."

"तसंच म्हणा," मी वैतागून म्हटलं. तिथंच घोळ झाला.

कारण आमच्याकडे कोणी दुकान काढलं की भावकीनं पहिल्या दिवसापासून जायचं असतं. रिकाम्या हातानं परत यायचं नाही, काडेपेटी का होईना घ्यायची, घासाघीस करायची नाही. आपल्या माणसाची भवानी आपण नाही करायची तर कोणी? मी दुकान काढलं आणि भावकीला कळवलंसुद्धा नाही, हे आबांच्या मते माझं शिष्टपण होतं. ते त्यांनी स्वतः निस्तरायला घेतलं.

तालमीच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, दवाखान्याच्या बाकावर आबा सुरू झाले. "माझ्या पोरानं दुकान काढलंय फोनमदी. काय लागतंय ते सांगा." जोतिबाला गेलो होतो तेव्हा तर कहर झाला. दर्शन घेऊन पायऱ्यांवरून उतरताना, कपाळभर गुलाल, हातात नारळाची पिशवी, अशा अवस्थेत आबांनी साताऱ्याकडच्या एका अनोळखी कुटुंबाला गाठलं. "पावणं, मिक्सर हाय का घरात? किती जुना? फोन काढा की!" ती बाई घाबरून नवऱ्याच्या मागं सरकली. मी काय केलं? मी शेजारच्या दुकानात पेढ्यांचा भाव विचारत उभा राहिलो, जसा काही मी एकटाच आलोय. पेढे नको होते, तरी घेतले.

ज्यांना लिंक उघडता येत नव्हती त्यांना आबा घरी आणायचे. आई चहा टाकायची. आमच्याच वायफायवर, माझ्याच लेखातून, आबांच्या देखरेखीखाली खरेदी व्हायची. चुलते, आत्या, तालमीतले सोबती, कारखान्यातले जुने दोस्त. दुपारी घरी कोणी नसतं म्हणून कित्येकांनी पत्ताही आमचाच दिला. घराच्या पुढच्या सोप्यात खोक्यांची थप्पी लागली. आत्यानं घरात दोन असताना तिसरी इस्त्री घेतली. मला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, कमिशनचा आकडा वाढत होता, आणि मी गप्प होतो.

मग कंपनीची ईमेल आली. एकाच वायफायवरून, एकाच पत्त्यावर चाललेली खरेदी त्यांच्या नजरेत आली होती. नात्यातल्या आणि ओळखीच्या लोकांनी केलेली खरेदी नियमात बसत नाही. खातं बंद, साठलेलं कमिशनही मिळणार नाही. हा नियम पहिल्या दिवशीच समोर आला होता. लांबलचक इंग्रजी मजकूर होता, मी न वाचताच 'मान्य' दाबून मोकळा झालो होतो.

त्याच वेळी आबा दारातून एका दोस्ताला घेऊन आत येत होते. मिल हाऊसमधलेच. त्यांना फवारणी पंप घ्यायचा होता. मी खुर्चीवरून उठलो तो ओरडतच.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? गावभर दवंडी पिटायला कुणी सांगितलं होतं? बुडवलं सगळं! तुम्ही बापच आहात म्हणून बुडालं, परके असता तर चाललं असतं!"

दोस्त चपला न काढताच मागं फिरले. आईच्या हातातला चहा तसाच राहिला. आबांनी एवढंच विचारलं, "कुणी बंद केलं?" मी म्हटलं, "कंपनीनं. त्यांना कळलं सगळे आपलेच आहेत." ते मान हलवून आत गेले.

'बापच आहात म्हणून बुडालं' हे वाक्य मी का बोललो हे आजही मला सांगता येत नाही. बोललो खरं. न वाचता 'मान्य' दाबणारा मी, इस्त्र्या मोजत गप्प बसणारा मी, आणि खापर मात्र त्यांच्या डोक्यावर. आठवलं की अजून शरम वाटते.

पुढं मी त्या दोस्तांची माफी मागायला कट्ट्यावर गेलो. मला बघताच तिथल्या म्हाताऱ्यांनी भराभर फोन खिशात घातले. मला काही कळेना.

"तुझ्या बानं सांगितलंय," दोस्त म्हणाले. "पोराच्या लिंकला कुणी बोट लावायचं न्हाय. त्याचं दुकान माझ्यामुळं बंद पडलं म्हणून सांगत फिरतोय की घराघरानं. तू वरडल्यालं मी कुणाला बोललो न्हाय, त्योबी न्हाय."

ज्या ज्या दारात आबा माझं कौतुक सांगत गेले होते, त्या प्रत्येक दारात ते पुन्हा जाऊन आले होते. या खेपेला चूक कबूल करायला, आणि चूक त्यांची नव्हतीच.

मी घरी येऊन "आबा, माझंच चुकलं" म्हणालो. "असू दे," ते म्हणाले, पण हळू आवाजात. तेव्हा लक्षात आलं, बरेच दिवस घरात त्यांचा आवाजच नव्हता. मला वाटलं, रुसलेत.

दुसऱ्या एका कंपनीनं मला घेतलं. नियम या वेळी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचले. आबांना सांगितलं, नवीन सुरू झालंय. त्यांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

परवा आम्ही दोघं पेठ वडगावच्या बाजाराला गेलो होतो, चटणीच्या मिरच्या घ्यायला. आबांना मिरचीची पारख आहे, मला नाही. एका बाईच्या ढिगासमोर ते उकिडवे बसले, देठ मोडून बघितले, वास घेतला. सौदा ठरला. पैसे द्यायला मी फोन काढला. बाईंनी माझ्याकडे बघून सहज विचारलं, "पोरगा व्हय वं तुमचा?"

आबांनी आधी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं, मग बाईंकडे.

"न्हाय," ते म्हणाले. "वळखीचा हाय."

मला काय वाटलं ते लिहायला शब्द नाहीत असं म्हणणार नाही. शब्द आहेत. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंपनीला कसं कळलं असेल याचा आबांनी त्यांच्या परीनं शोध लावला होता. आपल्याच मोठ्या आवाजामुळं फोननं ऐकलं असणार, 'माझा पोरगा, माझा पोरगा' म्हणून. घरातला तो बारीक आवाज रुसव्याचा नव्हता, माझं दुकान सांभाळण्याचा होता.

"आबा, फोन ऐकत नाही हो," एवढंच मला म्हणता आलं. त्यांना ते पटलं नाही. मी पैसे दिले, फोन पार बंद केला आणि त्यांच्या देखत पिशवीच्या तळाला घातला. वरून मिरच्या ओतून घेतल्या.

आबांनी वाकून पिशवीत बघितलं. खात्री झाल्यावर बाईंच्या कानाशी तोंड नेलं.

"पोरगाच हाय माझा," ते कुजबुजले. "कुणाला सांगू नगासा."