वायपरवरचं प्लास्टिक

माझ्यावर खुशाल हसा, पण हा किस्सा माझ्या आईसमोर काढू नका. तिला यातलं सगळं माहीत आहे, हीच तर अडचण आहे.

झालं काय, माझ्या गाडीच्या वायपरचं जुनं रबर उन्हानं वाळून त्याचे तुकडे पडायला लागले. म्हणून मार्चमध्ये गेवराईत नवी ब्लेडं बसवून घेतली. रबरावर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी होती. फिटरनं विचारलं, "काढू का?" मी म्हटलं, "राहू द्या. पाऊस कुठाय?"

आपल्याकडचं ऊन रबर खातं, हे खरंच. पण आतलं सांगू का? नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायला माझा जीवच होत नाही. आमच्या टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. आकडे दिसत नाहीत, अंदाजानं बातम्या लागतात. तुमच्या घरी काही वेगळं आहे का?

एप्रिलात एका सकाळी नांदूरघाटहून मामेभावाचा फोन आला. मामा गेले. आईचा एकुलता एक भाऊ.

"दादा, आत्याला घिऊन या. तिनं तोंड बघितल्याबिगर आमी उचलत न्हाई. पर आभाळ आलंय, लौकर निघा."

आई मागच्या सीटवर बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाळू, मला तेवढं त्याचं तोंड दिसू दी."

मांजरसुंब्याच्या पुढं अवकाळीनं गाठलं. वायपर चालू केले. काय झकास फिरत होते! करकर नाही, खडखड नाही. फक्त पाणी निघत नव्हतं. या कडेचं त्या कडेला नुसतं सारवलं जात होतं.

तुम्ही म्हणाल, प्लास्टिक आठवलं नाही का? नाही आठवलं. मला वाटलं, काचच तेलकट आहे. काचेला तंबाखू चोळला की पाणी ठरत नाही, हे इकडं कुणीही सांगेल. गाडी कडेला घेतली आणि आईची चंची मागितली.

"समदा लावतूस व्हय?" ती म्हणाली.

"थोडाच लावतो."

समदा लावला. काच पिवळी झाली.

मग वाटलं, दांड्या ढिल्या असतील. त्या वाकवून काचेवर घट्ट दाबल्या. बोटाला रबर गुळगुळीत लागलं. मनात म्हटलं, माल चांगला दिलाय. अहो, तेव्हासुद्धा डोक्यात प्रकाश पडला नाही. शेवटी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं आणि बैलगाडीच्या वेगानं निघालो. मागून येणारे ट्रकवाले शिव्या देऊन पुढं जात होते. त्यांचं चुकलं नाही.

तेवढ्यात पुन्हा मामेभावाचा फोन. आईनं उचलला.

"आत्या, कुठं हाव? लई पाऊस पडायलाय, सरपण भिजायलंय. म्हातारी माणसं घाई करायलीत."

"आलोच म्हण," आई म्हणाली.

"आलोच!" मी खिडकीबाहेरून ओरडलो. तोंडात पाणी गेलं.

आम्ही पोचलो तेव्हा स्मशानातल्या पत्र्याखाली चिता पेटलेली होती. मामेभाऊ आईच्या गळ्यात पडला. "लई थांबलो गं आत्या," म्हणाला. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि धुराकडं बघत राहिली. मला कुठं बघावं ते कळेना. इतकं वाईट मला माझ्या स्वतःच्या कुठल्या दुःखातही वाटलं नाही.

निघताना पाऊस उघडला होता. चिखलात आईचा पाय सरकला. तोल सावरायला तिनं बॉनेटवर हात टेकला आणि वायपर धरला. पट्टी निसटून तिच्या हातात आली. खालचं रबर काळंभोर, करकरीत.

"हे काय रं?"

"प्लास्टिक."

"कावून ठिवलंस?"

"रबर खराब होऊ नये म्हणून."

तिनं पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. मला वाटलं, आता ती शिव्या देणार. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पट्टी पदराला पुसली आणि हळूहळू परत रबरावर चढवायला लागली.

"अगं, काढायचीय ती," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दी," ती म्हणाली. "आता मला कुठं घाईनं जायचंय? तुझं रबर तरी नवं ऱ्हाईल."