कापलेला तेरडा

मी गाव सोडलं त्या दुपारी आमचा माळ पेटलेला होता. पेटवला आबांनीच, माझ्या वडिलांनी. दर फाल्गुनात पेटवायचे, पुढे गवत चांगलं येतं म्हणून. त्यात चंडोलाची घरटी, सशाची पिल्लं, सगळं होरपळायचं. मी ओला डहाळा घेऊन आग झोडपायला धावले, तर त्यांनी तो हिसकावून माझ्याच पाठीवर ओढला. "जळू दे! जळलं की जोमानं येतं." एसटीत मला पाठ टेकवता येत नव्हती. आईनं पिशवीत कोयता घातला होता, "बाईमाणसाजवळ धारेचं काहीतरी असावं" म्हणत. मी घातला होता एक डबा, कार्तिकात त्या माळावरून वेचलेल्या रानफुलांच्या बियांचा.

म्हैसूरला नोकरी लागली आणि चामराजपुरममध्ये भाड्यानं खोली मिळाली. मालक काका-काकू मराठीच, पण कैक पिढ्यांपासून इथले. पूर्वजांचा धंदा कापड रंगवण्याचा, काका मात्र शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. घरामागचं अंगण ओसाड होतं. ते मी मागून घेतलं. काका म्हणाले, "सुम्मने, उगाच रान वाढवू नको गं. हावु येतील, साप!" येऊ देत, म्हटलं.

पहिल्या वर्षी गावच्या सवयीनं मृग धरून पेरलं आणि तोंडघशी पडले. इथे वळीव वैशाखातच कोसळून जातो, मृगात नुसती भुरभुर. डब्यातलं निम्मं बी मातीत मेलं. त्याच वर्षी भावाचा फोन आला, मुरमासाठी जेसीबीनं आपला अख्खा माळ खरवडून नेला म्हणून. तुम्ही माझ्या गावचीच माणसं; मागे राहिलेल्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं, बाहेर पडलेल्यांनी माझ्यासारखं फोनवर ऐकलं. त्या माळाचं आता जगात एकच मूठ बी उरलं होतं, माझ्या डब्यात.

दुसऱ्या वर्षी वैशाखात पेरलं. फुलपाखरं चिकटून बसतात म्हणून पिवळ्या फुलांचा खुळखुळा, मुनियांना दाणे हवेत म्हणून कुर्डू, आणि मधमाश्यांसाठी रानतेरडा. आश्विनापर्यंत अंगण कमरेएवढं झालं. बेडूक आले, मुनिया आल्या. खरंच एक धामणही आली, नि बेडकांवर तुटून पडली. मी खिडकीतून बघत बसायचे. बोंडं पिकत आली होती. आणखी आठवडाभरात बी हातात आलं असतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी आबांच्या पद्धतीनं कोयत्याला दगडावर घासून धार लावली, तो धुतला आणि मागच्या ओट्यावर वाळत ठेवला. दुसऱ्या दिवशी पूजेला मांडायचा म्हणून. मग ऑफिसला गेले. इथे खंडेनवमीच्या आयुधपूजेला घर-अंगण लख्ख करतात, हे मला ठाऊक होतं. पण धार लावलेला कोयता ओट्यावर पाहून काका काय समजतील, हे डोक्यातच आलं नाही.

दुपारी परतले तर अंगण भुंडं. कापलेल्या तेरड्याचा ढीग, त्यात दोन तुकडे झालेला बेडूक, आणि घामाघूम काका हसतायत. "तू एकटी कधी कापणार, म्हणून मीच करून टाकलं. क्लीन झालं, अल्वा, हो ना?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्या हातून कोयता ओढला आणि उगारला. भीती घालायला उगारला असं मी म्हणणार नाही. मला मारायचं होतं. सत्तरीच्या म्हाताऱ्यानं तोंडापुढे हात धरला आणि पातं तळव्यावरून आडवं ओढलं गेलं. काकू किंचाळल्या. रक्त त्या ढिगावर पडत होतं आणि मला वाटत होतं, बरं झालं. खाण तशी माती, दुसरं काय!

दवाखान्यात सात टाके पडले. डॉक्टरांना काकांनी सांगितलं, "माझ्याच हातानं लागलं." मी बाकावर बसून सगळं ऐकत होते, पण खरं सांगायला तोंड उघडलं नाही. घरी येऊन पिशवी भरली. कोणी हाकलायच्या आत निघावं, एवढंच सुचत होतं.

दारात काका उभे. हाताला बँडेज, चेहरा पांढरा पडलेला.

"एल्लिगे? कुठे चाललीस?"

"कुठेही. मी तुम्हाला ठारच केलं असतं, काका."

"ते बघितलं मी," ते म्हणाले. मग माझ्या हाताकडे बघत, जरा मागे सरकूनच म्हणाले, "कापताना ती बोंडं फटाफट फुटली. बी सगळं अंगणात उडालंय, नोडु, बघ. उगवलं तर त्यातलं कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं, मला काय कळतं? पिशवी ठेव."

मी पिशवी ठेवली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून हमसून रडले. काकांना अजून माझी भीती वाटते. मी मागे उभी असले की ते वळून बघतात. तुम्ही गावकरी मला विचारता, घर कुठलं मानतेस. जिथे मला भिणारा माणूस मला जाऊ देत नाही, ते.